उन्हं उतरल्यावर चारमिनार

हैदराबाद माझ्या बापाला मी दाखवलं. गावात अजूनही काही लोक सांगतात की त्याला मालकानं नेलं होतं. ते खोटं आहे. मालकानं बैल नेले होते आणि बैलांसोबत माझा बाप गेला होता. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो एकदा कागदावर यावा म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव केजपासून जवळच. राज्य निजामाचं. मालक म्हणजे गावातला सगळ्यात मोठा जमीनदार. माझा बाप त्याला अहो-जाहो करी. मी लिहिताना करणार नाही. बाप त्याच्याकडे बैलांवर होता. मी लहान असताना मालकाचं राजधानीत जमिनीचं काही काम निघालं. आमच्या बाजूला तेव्हा रेल्वे आली नव्हती. मालकानं आपली दमणी, म्हणजे प्रवासाची छताची हलकी गाडी, जुंपायला सांगितली आणि ती हाकायला बापाला घेतलं. आईनं बापाला नवं धोतर नेसायला लावलं, कपाळाला गंध लावलं. काशीला निघाल्यासारखा थाट होता. जो तो वेशीपर्यंत सोडायला आला.

हैदराबादेत पोचल्यावर मुसी नदीच्या अलीकडे एका सरायेत उतरले. मालक म्हणाला, "शहरात बैल चोरीला जातात. तू हितून हलू नको." बाप हलला नाही. मालक रोज नटूनथटून शहर बघायला जाई आणि दिवेलागणीला परत येई. बाप सरायेच्या अंगणात, चारी बाजूंनी भिंती. भिंतीवरून एक पिंपळ दिसे आणि त्यावरचे कावळे. मालकाचं काम संपलं तसे दोघं आल्या वाटेनं परत आले.

त्यानंतर कित्येक वर्षं मालक चावडीवर बसून चारमिनार सांगत होता. किती उंच, किती रुंद, खालून हत्ती कसा जातो. रंगात आला की बापाकडे वळायचा.

"ह्याला इचारा की. ह्यो बी आलता. काय बघितलंस रे हैदराबादेत?"

बाप खरं ते सांगायचा. "बैलं बघितली, मालक."

सगळी चावडी खदाखदा हसायची. बापही हसायचा. मला चावडीपेक्षा बापाच्या हसण्याचा राग जास्त यायचा. पुढं पुढं गावात कुणी कामाच्या ठिकाणी जाऊन काम न करता परत आला की लोक म्हणायला लागले, "काय, बैलं बघून आलास व्हय?" माझ्या बापाच्या राखणदारीची अशी गोष्ट करून टाकली त्यांनी.

मी मोठा झालो आणि बैलांच्याच धंद्यात शिरलो, पण दुसऱ्या बाजूनं. जनावरांचा व्यापारी झालो. आमच्याकडे त्याला हेडी म्हणतात आणि म्हणताना नाक थोडं मुरडतात. मुरडू देत. मी दुसऱ्याचे बैल हाकत केजच्या बाजारात आलो होतो. चार-सहा वर्षांत माझा बैल घ्यायला उमापूरपासून माणसं येऊ लागली. कुणाची शिफारस नव्हती, वाडवडिलांची जमीन नव्हती. दोनच गोष्टी होत्या. एक, माझी जीभ. घासाघीस करताना मी देवाचं ऐकत नसे. सौदा पटला नाही की पाठ फिरवून चालू लागायचं, हा बाजाराचा रिवाज, आणि पाठ कधी फिरवायची हे मला जितकं कळायचं तितकं कुणाला कळत नसे. दुसरी गोष्ट दात. जनावराचं तोंड उघडलं की वय समजतं, आणि वयाबाबत मी जन्मात खोटं बोललो नाही. भावात मी रगेल, तापट, म्हणाल ते. पण मी चार दाती म्हटलं की बैल चार दातीच. यामुळेच माझं नाव झालं.

हाताशी पैसा आला, राहायला दगडी घर आलं, तेव्हा बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. सकाळी कोवळ्या उजेडात आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर त्याला बरं दिसे. मधल्या वेळेत ऊन चढलं की सगळं पांढरं. वैदू म्हणाला, आणखी वर्षभर दिसेल. मी त्याच आठवड्यात बापाला म्हणालो, "बा, हैदराबादला चल."

"आता कावून?" बाप म्हणाला. "मला काय करायचंय तिथं? अन् गाय व्यायला टेकलीय."

"चारमिनार बघायचा."

तो उठून गाईकडे गेला. पण दुसऱ्या दिवशी आईला विचारत होता की तिकडं थंडी किती असते. शेवटी कबूल झाला, एका अटीवर. शहरात एकच दिवस राहायचं, रात्रीच्या गाडीनं परत. गाय त्याच्या मागं व्यायली तर तो मला माफ करणार नव्हता.

परळीला रेल्वे अजून यायची होती. आम्ही बैलगाडीनं परळी वैजनाथचं दर्शन घेऊन, गंगाखेडला गोदावरी ओलांडून परभणी गाठली आणि तिथून रेल्वेत बसलो. गाडी काचीगुडा स्टेशनात शिरली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. स्टेशनाला पांढरे घुमट, बाजूला छोटे मिनार. बाप फलाटावरच थांबला. मान वर करून, डोळे बारीक करून बघत राहिला.

"ह्योच का त्यो?" त्यानं विचारलं.

"बा, हे ठेसन हाय."

"ठेसन?" तो म्हणाला. "मग त्यो केवढा असंल!"

एवढं स्वच्छ दिसत होतं त्याला. तासाभरात चारमिनारपुढं उभं करायचं, हे माझ्या मनात पक्कं होतं.

बाहेर झटकेवाल्यांचा अड्डा होता. टांग्याला तिथं झटका म्हणतात. एक दाढीवाला पुढं आला. "कहाँ चलना साहब?" त्यानं दिवसभराचं भाडं सांगितलं. मी सवयीनं त्याच्या निम्मं सांगितलं. तो हसला. मी सवयीनं घोड्याचा जबडा धरला आणि ओठ वर केला.

"काय वय सांगतोस ह्याचं?"

"छे बरस का बच्चा है."

"सहा?" मी अड्ड्याला ऐकू जाईल असं म्हणालो. "अरे, दातांवरच्या खुणा कधीच झिजून गेल्या! ह्यो बारा वर्षांचा तरी हाय. ह्याच्या मागं बसायचं म्हणजे ह्यालाच गाडीत घालून ओढायची पाळी यायची."

बाकीचे झटकेवाले हसले. दाढीवाल्यानं लगाम हातात घेतला आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहब, तुमकू झटका होना कि घोडा होना?"

आता अड्डा मला हसला. बाप माझी बाही ओढत होता. "लेका, आपल्याला घोडं इकत घ्यायचं न्हाई."

मी पाठ फिरवून चालू लागलो. केजच्या बाजारात मी तिसऱ्या पावलाला हाक ऐकलेली आहे. इथं कुणी हाक मारली नाही. मी दुसऱ्या झटक्याकडे गेलो, तो म्हणाला, "नक्को." तिसराही म्हणाला नक्को. दाढीवाल्याच्या घोड्याचा अपमान म्हणजे सगळ्या अड्ड्याचा अपमान, असा त्यांचा कायदा. मी तिथं उभं राहून प्रत्येकाशी भांडलो. भांडण संपलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं आणि आम्ही दोघं पायी निघालो होतो.

तरी मी सांगतो, पायी चालण्यात तोटा नाही. ते शहर पायाखालून गेलं पाहिजे. सुलतान बाजारातून अफझलगंजच्या पुलावर आलो. मागं आलेल्या मोठ्या पुरात मुसीनं अर्धं शहर गिळलं होतं असं म्हणत. आता ती खाली नाल्यासारखी वाहत होती आणि दोन्ही काठांना दगडी बांध घालून तिला दावणीला बांधून टाकलं होतं. पलीकडच्या काठावर लाल दगडाची मोठी कचेरी, वर घुमट. पुढं पत्थरगट्टीचा रस्ता. दोन्ही बाजूंनी एकाच उंचीची, एकाच धाटणीची दगडी दुकानं, पुढं कमानींची ओसरी. एक कमान पुढं नाही की मागं नाही. हे आमच्या राज्याचं शहर, मला वाटलं. आमच्या बाजूच्या जमिनीचा महसूलही इथंच येतो. या दगडात कुठं तरी आमची ज्वारी आहे. छाती भरून आली. मी बापाला एकेक सांगत होतो. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. पुलावर तो हात नुसता ठेवलेला होता. पत्थरगट्टीच्या शेवटाला त्यानं बोटं रुतवली होती.

चार कमानींच्या चौकातून पुढं गेलो आणि चारमिनार समोर आला.

मी आयुष्यात हजारो जनावरं उभी केलेली बघितली आहेत. चारी पायांवर सारखा भार टाकून उभं राहणारं जनावर हजारात एखादं. ही इमारत तशी उभी आहे. कुठल्याही बाजूनं या, ती तुमच्याकडे तोंड करूनच असते. मिनारांवर मजल्यामजल्याला नक्षीच्या गच्च्या, मधल्या कमानीवर घड्याळ, खालून माणसांचा, घोड्यांचा पूर वाहतोय. यातलं काहीच मालकानं चावडीवर सांगितलं नव्हतं.

"बा," मी म्हणालो, "बघ."

बाप डोळ्यांवर हात धरून उभा होता. "लई मोठा हाय," तो म्हणाला. "लई उंच केलाय."

मी त्याच्याकडे वळून बघितलं. तो एका कापडवाल्याच्या दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. चुन्यानं रंगवलेली, उन्हात तळपणारी भिंत.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आ गये साहब? पैदल?" तोच दाढीवाला. कुणाला तरी सोडून तो कमानीच्या सावलीत घोड्याला दम खाऊ देत होता. मी त्याच्यावर धावून जाणार होतो. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"बडे मियाँ," तो बापाला म्हणाला, "उधर कायकू देख रें? चारमिनार इधर है ना."

"उन्हात दिसत न्हाई बाबा मला," बाप म्हणाला. "ह्याला सांगू नको. लई लांबून घेऊन आलाय."

हे बाप माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून म्हणाला. मग तो त्या परक्या माणसाला, मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागला. तो इथं पूर्वी आला होता. सरायेत बसून होता. रात्री शहरातून नौबतीचा आवाज यायचा, तेव्हा तो बैलांना सांगायचा की बघा, ते शहर आहे. दाढीवाला ऐकत होता. कुठली सराय, त्यानं विचारलं. बापानं पिंपळ सांगितला.

"वो तो पूर में गयी, बडे मियाँ. पीपल भी गया."

"गेली?" बाप म्हणाला, आणि मला वाटलं त्याला थोडं बरं वाटलं.

"असर तक बैठो. धूप उतरेगी तो दिखेगा," असं सांगून दाढीवाला निघून गेला. असर म्हणजे दुपारनंतरची नमाज. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपार आम्ही लाड बाजारात काढली. अरुंद गल्ली, वर ताडपत्र्या, सावलीच सावली. तिथं बापाला दिसत होतं. लाखेच्या बांगड्यांवर भिंगाचे तुकडे बसवलेले, आणि शेकडो बांगड्या काठ्यांवर ओवून टांगलेल्या. बाप एका दुकानापुढं बसला आणि उठेचना. आईसाठी त्यानं एक जोडी निवडली, तांबडी. दुकानदारानं किंमत सांगितली. मी तोंड उघडलं.

"तू गप," बाप म्हणाला. "सकाळपून तुझाच बाजार चाललाय." आणि कमरेची पिशवी सोडून मागितली ती किंमत दिली. मला ते अजून पटलेलं नाही. दुकानदारालाही पटलं नसावं. त्यानं आपण होऊन एक बांगडी जास्त घातली. पुढं मक्का मशिदीच्या अंगणात कबुतरांना दाणे टाकत आम्ही बसलो. मशिदीची कमान एवढी मोठी की खाली उभा राहिलेला माणूस ज्वारीच्या दाण्याएवढा. बाप हळूहळू मान वर नेत होता. "आता कड दिसायला लागली," तो म्हणाला. "वरची कड."

मी उठलोच. उन्हं उतरत होती. रात्री गाडी होती. चारमिनारच्या जिन्यापाशी आलो तर पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"बुढ्ढे कू लेके? अंधेरा जीना है. गिरा तो मेरी गर्दन."

मी चिरीमिरीचा भाव सुरू केला. त्याला राग आला. मलाही आला. आणखी थोडं झालं असतं तर त्यानं आम्हाला चौकाबाहेरच काढलं असतं. तेव्हा परत तोच दाढीवाला आला, घोड्याला धरून. तो पहारेकऱ्याला नावानं ओळखत होता. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "मैं बोलता इनकू. मेरी जबान पे छोडेंगे. लेकिन पहले तुम एक बात बोलो."

"काय?"

"मेरा घोडा कित्ते साल का है?"

आजूबाजूला सकाळच्या अड्ड्यातले दोघं उभे होते. मला कळलं की हा दिवसभर याचीच वाट बघत होता. तो घोडा बारा वर्षांचा होता. आजही मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी बाराच सांगेन. जो माणूस दातांबद्दल कधी खोटं बोलला नाही, त्याच्या तोंडून चौकात खोटं वदवून घ्यायचं होतं त्याला. मी घोड्याकडे बघितलं. त्या म्हाताऱ्या जनावरानं कान पाडले होते. बापाकडे बघितलं. तो जिन्याच्या दारातून वर, अंधारात बघत उभा होता, एक पाय पायरीवर ठेवून.

"सहा," मी म्हणालो.

"जोर से, साहब. सुबे तो बडा आवाज था."

"सहा वर्षांचा हाय! कोवळा हाय घोडा!"

अड्डेवाले टाळ्या वाजवून हसले. पहारेकरी बाजूला झाला. मी त्या माणसाला आजतागायत माफ केलेलं नाही. त्यानं बापाचा हात धरून त्याला पहिल्या वळणापर्यंत नेलं आणि "संबाल के, बडे मियाँ" म्हणाला, तेही मला आठवतं. पण ते त्यानं बापासाठी केलं, माझ्यासाठी नव्हे.

जिना गोल गोल चढत जातो. माणसाच्या खांद्याला दोन्हीकडून दगड घासतो. बाप पुढं, मी मागं, त्याच्या टाचांपाशी हात ठेवून. तो मधे मधे थांबायचा, धापा टाकायचा, आणि मी "बा, पुरे का?" म्हटलं की पुढची पायरी घ्यायचा. मग एकदम वारा लागला आणि आम्ही गच्चीत आलो.

उजेड अगदी त्याच्या डोळ्यांना मानवणारा होता. गुळासारखा. बाप कठड्याला धरून उभा राहिला. चार दिशांना चार रस्ते सरळ जात होते, जणू कुणी या एका जागेला चार दावी बांधून शहर ताणून धरलं होतं. एका बाजूला चार कमानींच्या मधला हौद, दुसऱ्या बाजूला मशिदीचे घुमट, खाली लाड बाजाराच्या ताडपत्र्या, लांब मुसीची चमकती रेघ, आणि त्याच्याही पलीकडे डोंगर निळे होत चाललेले. मी काही सांगायला गेलो नाही. सांगायची गरज नव्हती. बापच मला सांगत होता. "ती बघ हौदावर म्हस आली. तिला हाकलतायत. तो बघ तांबड्या फेट्याचा." एवढ्या उंचीवरून त्यानं म्हैस हेरली. मग तो चालत चालत पुढच्या बाजूला गेला, मग तिसऱ्या, मग चौथ्या. चारी बाजूंनी बघितलं त्यानं. पहारेकरी खालून ओरडेपर्यंत. माझ्या बापानं याही खेपेला नवं धोतर नेसून, राजधानीच्या मधोमध, राजधानीच्या डोक्यावर उभं राहून हैदराबाद बघितलं, आणि तिथं मी त्याला नेलं होतं.

गाय आमच्या येण्यापर्यंत थांबली. कालवड झाली. बाप खूश.

पुढच्या बाजाराला बाप माझ्याबरोबर केजला आला. माझ्या जनावरांपाशी सरकीचं पोतं होतं, त्यावर बसला आणि बोलायला लागला. मी कुणाला बोलावलं नव्हतं. पाणी पाजायला आलेला एक थांबला, मग त्याच्या ओळखीचा, मग बैल विकत घ्यायला आलेलेच बैल सोडून तिकडं गेले. बापाचा आवाज मोठा नव्हता, त्यामुळं लोकांना जवळ सरकावं लागे. मालक एक जोडी बघायला आला होता. त्यानं एका बैलाच्या पाठीवर हात ठेवलेला होता आणि तो हात बराच वेळ तिथंच होता.

बाप तेव्हा गोष्टीत जिना चढत होता.

"वर जाता येतं व्हय?" मालकानं विचारलं.

गर्दीनं मागं वळून बघितलं. एक जण म्हणाला, "मालक, तुमी गेलतां की हैदराबादला?"

"गेलतो," मालक म्हणाला. "पर वर... आमी खालनंच बघितला."

कुणी हसलं नाही. मी हसणार होतो. इतकी वर्षं मी या दिवसासाठी एक वाक्य साठवून ठेवलं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. पण बाप माझ्याआधी बोलला.

"येतं की वर, मालक. अंधार हाय, पर जाता येतं. बसा, सांगतो." त्यानं पोत्यावर सरकून जागा केली. मालक थोडा वेळ उभा राहिला, मग धोतर सावरून माझ्या सरकीच्या पोत्यावर बसला. बापानं काचीगुड्याच्या स्टेशनापासून पुन्हा सुरुवात केली.